पोथीतला धर्म आणि वहीतला धर्म

व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमांत धर्मग्रंथांचा अलीकडे सुकाळ झाला आहे. निष्काम कर्मयोगातून मनुष्यबळाचा विकास, संतवाङ्मयातून नेतृत्वगुण, कौटिल्यातून विपणन, अशा विषयांवर परिसंवाद होतात, पुस्तके निघतात आणि कंपन्यांचे अधिकारी प्रशस्तिपत्रे घेऊन घरी जातात. ह्या उद्योगाला माझा तात्त्विक विरोध नाही. पण अर्थशास्त्राचा एक शिक्षक म्हणून एक शंका मात्र पुन्हा पुन्हा मनात येते. एखाद्या समाजाच्या व्यवसायपद्धतीवर धर्माचा ठसा कितपत उमटला, हे त्याच्या पोथ्या वाचून कसे कळावे? पोथी सर्वांनाच सत्य बोलायला सांगते. ठसा शोधायचा तर तो दुकानाच्या गादीवर, वजनकाट्यावर, हमालाच्या मजुरीत आणि शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या हिशेबपट्टीत शोधला पाहिजे.

हा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने प्रथम मांडला तो मॅक्स वेबर ह्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने. १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाचा आशय विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. प्रॉटेस्टंट पंथाने ऐहिक कामालाच ईश्वरी कर्तव्याचे स्थान दिले, चैनीला पाप ठरविले, आणि त्यातून काटकसरी, हिशेबी, नफा पुन्हा धंद्यात घालणारा व्यावसायिक निर्माण झाला, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे १९१६ च्या सुमारास त्याने हिंदू व बौद्ध धर्मांवर लिहिले आणि कर्मसिद्धांत व जातिव्यवस्था ह्यांमुळे भारतात तशी भांडवलशाही स्वयंभूपणे उपजू शकली नाही, असा निष्कर्ष काढला. जैन व्यापाऱ्यांच्या बाबतीत मात्र त्याला प्रॉटेस्टंट पंथीयांशी साम्य आढळले होते. वेबरवर टीका पुष्कळ झाली आहे आणि त्यातील बरीचशी रास्त आहे. परंतु त्याने विचारलेला प्रश्न अद्याप शिळा झालेला नाही.

आपल्याकडे ह्या प्रश्नाच्या उंबरठ्यापर्यंत वेबरच्या आधीच एक माणूस जाऊन पोचला होता, ही गोष्ट फारशी ध्यानात घेतली जात नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासावरील ग्रंथात महाराष्ट्रातील संतांच्या चळवळीची तुलना युरोपातील धर्मसुधारणेशी केली. रानडे हे भारतीय अर्थशास्त्राचे एक आद्य प्रवर्तक. असे असूनही त्यांनी संतांच्या कार्याचा संबंध जोडला तो मराठ्यांच्या राज्यस्थापनेशी. व्यापारउदिमाशी जोडला नाही. ह्याचे कारण रानड्यांच्या दृष्टीतील उणेपणात नसून महाराष्ट्राच्या समाजरचनेतच आहे, असे मला वाटते. त्याकडे पुढे येऊ. आधी मोंढ्यात जाऊ.

श्री, शुभ, लाभ

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी परभणी, सेलू, मानवत किंवा गंगाखेडच्या मोंढ्यात फेरी मारली तर अडत दुकानांच्या गाद्यांवर नव्या वह्यांची पूजा चाललेली दिसते. पहिल्या पानावर 'श्री' काढलेला असतो, कुंकवाचे स्वस्तिक असते, दोन्ही बाजूंना 'शुभ' आणि 'लाभ' हे शब्द असतात. बहुतेक दुकानांचा खरा हिशेब आता संगणकात असतो, तरी पूजेला वहीच लागते. एकेकाळी ही पूजा म्हणजे नुसता संस्कार नव्हता. व्यापाऱ्याचे हिशेबी वर्ष दिवाळी ते दिवाळी चाले. देणी-घेणी त्या आधी चुकती करायची, खाती बंद करायची आणि मग नव्या वहीवर नवा आरंभ करायचा, अशी शिस्त होती. आयकराच्या कायद्याने १९८९ पासून सर्वांना ३१ मार्च हीच वर्षअखेर सक्तीची केली आणि धर्माचे वर्ष व हिशेबाचे वर्ष ह्यांची फारकत झाली. मुंबईच्या शेअरबाजारात १९५७ पासून लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चालत आलेले मुहूर्ताचे सौदे हे त्या जुन्या वर्षाचेच अवशेष होत. शेतातही तसेच. सालगड्याचा करार आमच्याकडे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत होतो. पंचांग हे ह्या देशातले सर्वांत जुने कार्यालयीन वेळापत्रक आहे, असे म्हणायला हरकत नसावी.

ह्या गाद्यांवर बसणारी घराणी बहुतांशी मारवाडी माहेश्वरी, जैन, लिंगायत आणि कोमटी समाजांतली. ह्यांपैकी जैन परंपरेचे उदाहरण अभ्यासायला सर्वांत सोयीचे, कारण तिथे व्यापाराचे नियम प्रत्यक्ष धर्मशास्त्रातच लिहिलेले आढळतात. गृहस्थाने पाळावयाच्या पाच अणुव्रतांत अचौर्य हे एक व्रत आहे. ह्या व्रताला बाधा आणणाऱ्या दोषांची जी यादी तत्त्वार्थसूत्रात दिली आहे, तीत चोरीचा माल विकत घेणे, खोटी वजने-मापे वापरणे आणि चांगल्या मालात हलका माल मिसळणे ह्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ वैधमापन खात्याचे आणि भेसळ प्रतिबंधक कायद्याचे विषय असे ओळीने मांडतो, हे पाहून वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना नेहमी आश्चर्य वाटते. दुसरे व्रत परिग्रहपरिमाणाचे. आपल्याजवळ किती संपत्ती ठेवावी ह्याची मर्यादा गृहस्थाने स्वतःच ठरवायची आणि त्यापलीकडचे दान करायचे. शिवाय अहिंसेच्या आग्रहामुळे नांगर धरणे त्याज्य ठरले आणि हा समाज शेतीपासून दूर होऊन व्यापारात स्थिरावला. म्हणजे धर्माने इथे व्यवसाय निवडला, त्याचे नियम घालून दिले आणि नफ्याच्या विनियोगाची दिशाही दाखविली.

अशा नियमांनी एक मोठी आर्थिक वस्तू निर्माण केली. तिला आपण 'पत' म्हणतो. कागदाच्या एका चिटोऱ्यावर लिहिलेली हुंडी शेकडो मैलांवरच्या पेढीवर वटत असे, ती कोर्टाच्या भयाने नव्हे. हुंडी न स्वीकारणाऱ्याची सोयरीक तुटेल, पंगतीतले पान उठेल, मुलींची लग्ने अडतील, हे भय कोर्टाहून जबर होते. दिवाळे काढणाऱ्याने दुकानात भरदिवसा दिवा लावून ठेवायचा, अशी चाल होती असे सांगतात. त्या शब्दाची ती व्युत्पत्ती खरी असो वा नसो, पत गेलेल्या माणसाला उजेडात बसविण्यामागची सामाजिक कल्पना मात्र खरी आहे. नवख्या मुलाने ओळखीच्या पेढीवर मुनिमाच्या हाताखाली राहायचे, समाजाच्या सामायिक 'बासा'त जेवायचे, रोजमेळ आणि खतावणी शिकायची आणि मग स्वतःचे दुकान मांडायचे, ही मारवाडी समाजाची प्रशिक्षणपद्धती होती. घनश्यामदास बिर्लांनी आपल्या कारखान्यांत रूढ केलेली 'पडता' पद्धत, म्हणजे दररोजच्या नफातोट्याचा त्याच दिवशी घेतलेला अंदाज, ही जुन्या गादीवरच्या सवयीचीच कारखानदारीतली आवृत्ती होती. ज्यांना परदेशी पुस्तकांतून अर्थसंकल्पीय नियंत्रण शिकावे लागते त्यांनी ह्या पद्धतीकडे अवश्य पाहावे.

धर्मादाय कोणाच्या खिशातून?

इथपर्यंतची हकीकत अभिमानाने सांगितली जाते आणि तशी ती सांगावीही. परंतु वहीचे पान उलटले की दुसरी बाजू दिसते.

मोंढ्यात माल आणणाऱ्या शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीत पूर्वी ज्या अनेक कपाती असत त्यांची नावे जुन्या पिढीला अजून पाठ आहेत. अडत, हमाली, तोलाई, कडता, सूट. आणि ह्यांच्याच रांगेत 'धर्मादा'. गोशाळा, मंदिर, पांजरपोळ, पाणपोई अशा कामांसाठी दर पोत्यामागे किंवा दर शेकड्यामागे काही रक्कम कापली जाई. भारतीय शेतीची पाहणी करणाऱ्या शाही आयोगाने १९२८ च्या आपल्या अहवालात बाजारातील अशा नाना कपातींची दखल घेतली होती आणि नियंत्रित बाजारपेठांची शिफारस केली होती. ह्या धर्मादायातून कामे झाली नाहीत असे नाही. गावोगावच्या धर्मशाळा, गोशाळा आणि कित्येक शाळा ह्याच पैशांतून उभ्या राहिल्या. पण अर्थशास्त्रात आम्ही ज्याला कराचा अंतिम भार म्हणतो तो इथे कोणावर पडला? पाटी लागली शेटजींच्या नावाची. पैसे गेले कापूस आणि ज्वारी विकणाऱ्याचे. देणाऱ्याला आपण दान केले हे ठाऊकही नव्हते. पुण्य आणि खर्च ह्यांची इतकी सुबक विभागणी दुसऱ्या कोणत्या व्यवहारात आढळणार नाही.

कायद्याने ही गुंतागुंत ओळखली होती. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० ह्याच्या ५४ व्या कलमात 'धर्मादा' ह्या शब्दाचीच व्याख्या आहे. व्यापाराच्या रूढीप्रमाणे धार्मिक वा धर्मादाय कार्यासाठी जी रक्कम घेतली जाते ती घेणाऱ्याच्या मालकीची नसून तो तिचा विश्वस्त होय आणि तिचा हिशेब त्याने दरवर्षी दिला पाहिजे, असे हे कलम सांगते. बिजली कॉटन मिल्सच्या गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही असाच विचार मांडला की, धर्मादायापोटी ग्राहकाकडून घेतलेली रक्कम ही कंपनीचे उत्पन्नच नव्हे, म्हणून तिच्यावर आयकर नाही. निकाल कंपनीच्या बाजूचा होता. परंतु त्यातील तर्क नीट वाचला तर त्यातून निघणारे दुसरे अनुमान असे की, ती रक्कम कंपनीचे उत्पन्न नव्हते, म्हणजेच ते दानही कंपनीचे नव्हते.

व्रतात खोटे वजन निषिद्ध असूनही वजनाबद्दलच्या तक्रारी बाजारात पिढ्यान्‌पिढ्या का राहिल्या, ह्याचेही उत्तर इथेच आहे. शेतकरी पंगतीत नव्हता. त्याची सोयरीक तुटण्याचा प्रश्न नव्हता. ज्या वर्तुळात माणूस एकमेकांना ओळखतो, एकमेकांच्या देवळात जातो, तिथे धर्माची मूल्ये कायद्यापेक्षा कडकपणे पाळली गेली. वर्तुळाबाहेरच्या माणसाच्या वाट्याला तीच मूल्ये पातळ होऊन आली. रुमालाखाली बोटे दाबून ठरणारे भाव बंद होऊन उघडा लिलाव सुरू झाला तो कायद्याने. ह्या कायद्याची सुरुवात आपल्या शेजारीच झाली होती. कारंज्याचा कापूसबाजार १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने नियंत्रित झाला. वऱ्हाडाचा कायदा १८९७ चा. निजामाच्या हैदराबाद संस्थानाने शेतमाल बाजाराचा कायदा १९३० मध्ये केला, आणि महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ मध्ये झाला. हमालाला तर १९६९ च्या माथाडी कायद्यापर्यंत थांबावे लागले. गोशाळेतल्या गाईच्या चाऱ्याची तरतूद हमालाच्या भविष्यनिर्वाह निधीच्या कितीतरी आधी झाली होती. हे मी कुचेष्टेने लिहीत नाही. आपल्या व्यवसायसंस्कृतीत दयेचा मार्ग हक्काच्या मार्गापेक्षा नेहमीच सोपा वाटत आला, एवढेच त्यातून दाखवायचे आहे.

मराठवाड्यातील मुस्लिम कारागीर आणि व्यापाऱ्यांचा विचारही ह्याच अंगाने करता येईल. व्याज निषिद्ध असल्यामुळे उधारीपेक्षा भागीदारीकडे, म्हणजे एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे श्रम अशा जोडीकडे, त्या परंपरेचा कल राहिला. सेवाशुल्कापुरती रक्कम घेऊन बिनव्याजी कर्ज देणाऱ्या पतसंस्थाही आपल्या भागात काही गावी उभ्या आहेत. परभणीचा तुराबुल हक साहेबांचा उरूस दरवर्षी फेब्रुवारीच्या आरंभी भरतो, तेव्हा श्रद्धा आणि बाजार एकाच मैदानावर किती सहज नांदतात आणि दुकानदारांत धर्माचा भेद किती कमी उरतो, हे ज्याने त्याने पाहिलेलेच आहे. ह्या विषयावर स्वतंत्र अभ्यासाची गरज आहे.

कायक आणि वारी

आता रानड्यांच्या मौनाकडे वळू. वेबरला हवा असलेला सिद्धांत, म्हणजे काम हीच उपासना, आपल्या ह्या भूभागात बाराव्या शतकातच मांडला गेला होता. कल्याणच्या बसवेश्वरांनी 'कायक' आणि 'दासोह' ह्या दोन कल्पना दिल्या. प्रत्येकाने श्रम करून उपजीविका करावी, कोणतेही प्रामाणिक काम हीन नाही, आणि श्रमातून आलेले समाजाला अर्पण करावे, असा त्यांचा अर्थ. ल्यूथरच्या आधी सुमारे चारशे वर्षे. अनुभवमंटपात चांभार, नावाडी, गुराखी, परीट अशा नाना व्यवसायांचे शरण एकत्र बसत. कपिलधारच्या मन्मथस्वामींसारख्या संतांनी ही परंपरा मराठीत आणली. इकडे वारकरी पंथातही सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी, आमच्या जुन्या परभणी जिल्ह्यातल्या नर्सीशी ज्यांचे नाव जोडले जाते ते नामदेव शिंपी, गंगाखेडची जनाबाई, ही सारी कामकरी माणसे. तुकोबा तर दुकानदार आणि सावकार घराण्यातले. कर्जखतांचा आपल्या वाट्याचा भाग त्यांनी इंद्रायणीत बुडविला, ही कथा सर्वश्रुत आहे.

मग ह्या धर्मसुधारणेतून व्यावसायिक वर्ग का निघाला नाही? राजवाड्यांनी संतांना दोष दिला. त्यांच्या शिकवणुकीने समाज निवृत्तिपर झाला असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. संतांनी काम पवित्र केले, पण काम निवडण्याची मोकळीक समाजाने दिली नाही. माळ्याचा मुलगा माळी, कुंभाराचा कुंभार. कायकाची कल्पनाही पुढे जातीच्या चौकटीतच बसविली गेली. युरोपात ज्या माणसाला कामाचे पावित्र्य शिकविले गेले त्याच्याजवळ थोडे भांडवल होते आणि धंदा बदलण्याची सोय होती. आमच्या कुणब्याजवळ दोन्ही नव्हते. उलट ज्यांच्याजवळ भांडवल होते त्या व्यापारी घराण्यांपैकी बहुतेक ह्या भक्तिसंप्रदायाच्या मुख्य प्रवाहाबाहेरची होती. धनंजयराव गाडगीळांनी भारतीय व्यापारी वर्गाच्या उगमाचा जो अभ्यास १९५९ मध्ये प्रसिद्ध केला तो वाचताना प्रांतोप्रांतीच्या व्यापारी जाती स्थानिक शेतकरी समाजापासून किती अलग होत्या हे ध्यानात येते. काम करणाऱ्यांचा धर्म एक आणि भांडवल गुंतविणाऱ्यांचा दुसरा, अशी ही विभागणी झाली.

तरीही वारीने व्यवस्थापनाला काहीच दिले नाही असे म्हणणे चूक ठरेल. दिंडी ही एक संघटना आहे. विणेकरी, चोपदार, टाळकरी, पाणक्या, स्वयंपाकाची पाळी; कोण कोठे चालणार, मुक्काम कोठे पडणार, हे सारे आज्ञापत्रावाचून चालते. मुंबईचे डबेवाले ह्याच संस्कारातले. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे ह्यांनी सुरू केलेला हा धंदा मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर ह्या भागांतल्या मंडळींनी वाढविला. हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाने त्यांच्यावर अभ्यासप्रकरण तयार केले. त्यांच्या अचूकपणाचे जे डोळे दिपविणारे आकडे सर्वत्र फिरतात त्यांवर मी विसंबत नाही. मला महत्त्वाची वाटते ती त्यांची रचना. टोळीतला प्रत्येक जण भागीदार असतो, मुकादमही डबे उचलतो आणि गावाच्या जत्रेला सारे एकदम सुटी घेतात. मात्र इथेही माणसे त्याच तालुक्यांतली, त्याच नात्यागोत्यांतली. वर्तुळ लहान म्हणून विश्वास मोठा. २०२० च्या टाळेबंदीत कार्यालये बंद पडली आणि ह्या धंद्याचा कणाच मोडला, तेव्हा त्यांच्या समतेने सर्वांचे नुकसान सारखे वाटून घेतले, पण नवे भांडवल उभे करून धंद्याचे रूप पालटणे त्या रचनेला जड गेले.

आषाढी जवळ आली की शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेडवरून पंढरपूरला जाते. पांढऱ्या वेशातील शेकडो वारकरी एका लयीत चालताना पाहून लोक शिस्तीचे कौतुक करतात. ह्या शिस्तीमागे संस्थानाचा कारभार आहे. शिवशंकरभाऊ पाटील, जे २०२१ मध्ये निवर्तले, त्यांच्या काळात ह्या संस्थानाने स्वच्छता, हिशेब आणि यात्रेकरूंशी वागणूक ह्यांचा जो वस्तुपाठ घातला, तो पाहायला व्यवस्थापनाचे विद्यार्थी जातात. १९८३ मध्ये त्यांनी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. हजारो सेवाधारी पाळीपाळीने येऊन विनावेतन काम करतात. इथे एक विवेक ठेवला पाहिजे. संस्थानाला नफा वाटायचा नसतो, म्हणून सेवाधाऱ्याची सेवा ही सेवा असते. हेच तत्त्व खासगी कारखान्याने किंवा शिक्षणसंस्थेने उचलले तर त्याचे नाव बदलते. 'हे ज्ञानदानाचे पवित्र कार्य आहे' असे सांगून निम्म्या पगारावर राबविलेले शिक्षक ह्या लेखाच्या वाचकांत काही कमी नसतील.

१९२८

धार्मिक मूल्ये कारखान्याच्या आत शिरली की काय होते, ह्याचे दोन दाखले एकाच वर्षातले आहेत. १९२८ च्या मुंबईतील गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी एक गोष्ट पुढे आणली. अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात, जिथे पगार अधिक होता, प्रवेश नव्हता. कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. यंत्रे लँकशायरची, भांडवल मुंबईचे, आणि खातेवाटप मनूचे. त्याच वर्षी जुलैमध्ये वर्ध्याला जमनालाल बजाजांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायणाचे मंदिर अस्पृश्यांना खुले केले. तेही व्यापारी, तेही श्रद्धावान. गांधीजींच्या विश्वस्तवृत्तीच्या कल्पनेचा त्यांच्यावर प्रभाव होता. एकाच परंपरेतून दोन्ही गोष्टी निघू शकतात, एवढे ह्यावरून दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा दाखला तर ह्याहून बोलका. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. कर्मकांडाची त्यांना ओढ नव्हती आणि वसाहतीत अस्पृश्यता चालू दिली नव्हती. धर्मनिष्ठेवाचूनही सचोटीचा कारखाना चालतो, हे त्यांनी दाखविले.

पारशी परंपरेतल्या सद्विचार, सद्वचन, सत्कृती ह्या त्रयीचा टाटांच्या उद्योगाशी संबंध नेहमी जोडला जातो. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची; जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ मध्येच सुरू झाला, जेव्हा त्याची सक्ती करणारा कायदा देशात नव्हता. ह्याचे श्रेय धर्माला द्यायचे की जमशेटजींच्या दूरदृष्टीला, ते ठरविणे कठीण आहे. त्याच धर्माचे दुसरेही गिरणीमालक होतेच.

जपानचे उदाहरण ऐंशीच्या दशकात आपल्याकडे फार दिले जाई. इशिदा बाइगान ह्याने १७२९ मध्ये क्योतोत विनामूल्य प्रवचने सुरू केली आणि व्यापाऱ्याचा नफा हा सामुराईच्या वेतनाइतकाच न्याय्य आहे, मात्र तो प्रामाणिकपणे मिळविला पाहिजे, असे शिकविले. पुढे शेकडो कंपन्यांच्या स्थापनेत ज्याचा हात होता त्या शिबुसावा एइइची ह्याने कन्फ्यूशियसचे ग्रंथ आणि गणिताची मणिचौकट एकत्र नांदल्या पाहिजेत, असा आग्रह धरला. २०२४ पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर त्याचे चित्र आहे. परंतु ज्या आजीव नोकरीच्या पद्धतीचे मूळ जपानी धर्मसंस्कारात शोधले जाते ती प्रत्यक्षात विसाव्या शतकातली, मोठ्या कंपन्यांच्या कायम कामगारांपुरती आणि बऱ्याच अंशी कामगार लढ्यांतून आलेली आहे. धर्माने भाषा पुरविली. करार मात्र भांडून घ्यावा लागला.

देवाचे नाव आणि ठेवीची पावती

हा सारा इतिहास आज कशासाठी उगाळायचा, असे कोणी विचारील. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात बहुराज्य सहकारी पतसंस्थांच्या शाखांना एकामागून एक कुलपे लागली. निवृत्त शिक्षक, कारकून, एस.टी.चे वाहक, ऊस विकून चार पैसे शिल्लक टाकलेले शेतकरी ह्यांच्या ठेवी अडकल्या. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम मिळत नाही म्हणून शाखेच्या बंद दारापुढे बसून राहिलेली माणसे आपल्या गावातही दिसली. आपल्याकडील पतसंस्थांची नावे पाहिली तर देव, देवी, संत ह्यांची यादीच तयार होते. शाखेच्या उद्‌घाटनाला महाराजांचे कीर्तन होते, दिनदर्शिकेवर विठ्ठल असतो, अध्यक्ष दिंडीला अन्नदान करतात. ठेवीदार हे पाहतो आणि मनाशी अनुमान बांधतो की हा माणूस आपल्याला बुडविणार नाही.

ह्या अनुमानाला जुन्या मोंढ्यात आधार होता. तिथे पत देणारा आणि घेणारा एकाच पंगतीत बसत होते. एकाने बुडविले तर दुसऱ्याला ते चार दिवसांत कळत होते आणि शिक्षा करण्याचे साधन त्याच्या हातात होते. शेकडो शाखांच्या संस्थेत धर्माचे चिन्ह तेवढे शिल्लक राहिले आणि त्यामागची देखरेख गळाली. तिची जागा घ्यायला जी दुसरी देखरेख हवी ती पुरेशी उभी राहिली नाही. बहुराज्य संस्था २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली येतात आणि त्यांचा निबंधक दिल्लीत बसतो. बँकेतील ठेवीला, सहकारी बँक असली तरीही, पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण २०२० पासून आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते मुळीच नाही. दारावरच्या पाटीत 'बँक' हा शब्द नाही, 'पतसंस्था' हा आहे, ह्या एका शब्दाचा फरक कित्येकांना ठेव अडकल्यावरच समजला. त्यातही दोन-तीन टक्के अधिक व्याज मिळते म्हणून आपण तिथे गेलो होतो, हेही मान्य केले पाहिजे.

राज्याच्या कायद्याखाली नोंदलेल्या आपल्या गावातील पतसंस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हाव्या लागतात. सभेआधी सभासदांसाठी छापील अहवाल निघतो. मुखपृष्ठावर देवाचे चित्र असते, मग संस्थापकांचे, मग संचालक मंडळाचे छायाचित्र. लेखापरीक्षणाचा वर्ग, थकबाकीचे प्रमाण आणि संचालकांना व त्यांच्या नातलगांना दिलेल्या कर्जाचा तपशील शेवटच्या पानांत, बारीक टाइपात असतो. अल्पोपाहार सुरू होण्यापूर्वी ती पाने उघडणारे सभासद सध्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि त्यांनी प्रश्न विचारला की व्यासपीठावरून बहुधा त्यांना खाली बसायला सांगितले जाते.